विजूआत्यासाठी शिकलेलं थाई

आमच्या घरात आभार मानायची पद्धत नव्हती. कुणी पाण्याचं भांडं हातात दिलं तर पाणी प्यायचं आणि भांडं मोरीत नेऊन ठेवायचं, एवढाच शिष्टाचार. शाळेत दिवसभर 'थँक यू' आणि 'सॉरी' करून माझी जीभ त्याच वळणावर गेलेली असायची. घरी आल्यावर चहाचा कप घेताना चुकून आईला 'थँक यू' म्हटलं की ती दचकून माझ्याकडे बघायची. "का गं? काय झालं? मार्क कमी पडले का?" विजूआत्या त्याच्याही पुढची. तिचं म्हणणं, घरच्या माणसाचे आभार मानायचे म्हणजे त्याला उंबऱ्याबाहेर उभं करायचं. सॉरी तर तिने जन्मात कुणाला म्हटलं नव्हतं. चूक झाली की ती दुसऱ्या दिवशी तुमच्या आवडीचं काहीतरी आणून टेबलावर ठेवायची आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने पेपर वाचत बसायची. अशा या आमच्या घराने एका वर्षी कंबर कसून थाई भाषेतलं सभ्य बोलणं शिकायला घेतलं. शिकवायला मी होते. ती हकिगत लिहून ठेवायचं बरेच दिवस मनात होतं. परवा डोक्यात पहिला पांढरा केस सापडला, तेव्हा म्हटलं, आता आठवणी लिहायला आपण पुरेशा वयस्कर झालो.

सिंगापुरात बेडोकला दहाव्या मजल्यावर आमचा भाड्याचा फ्लॅट होता. खाली हॉकर सेंटर, म्हणजे एका छपराखाली ओळीने खाण्याचे गाळे, त्याला लागून बाजार. पहाटे मासळीवाल्यांचे ट्रॉली ढकलायचे आवाज, मग शेजारच्या आजोबांच्या पक्ष्याची शीळ, मग आमच्या कुकरच्या शिट्ट्या, असा आमचा दिवस उजाडायचा. बाबा जहाजावर चीफ इंजिनिअर. ते घरात कमी आणि फोनवर जास्त असायचे, आणि फोनवरही मागे इंजिनची घरघर असल्यामुळे आम्ही सगळेच कायम ओरडून बोलायचो. घरात खऱ्या अर्थाने आम्ही तिघी. आई अलिबागची, हाताला चव असलेली, कुणालाही पोटभर जेवल्याशिवाय न सोडणारी. मी सतराची, शेवटची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत बसलेली, आणि जगातलं बहुतेक सगळं आपल्याला येतं असं ठाम मत असलेली. आणि विजूआत्या, बाबांची धाकटी बहीण, पुण्याहून नोकरीसाठी आली ती आमच्याच तिसऱ्या खोलीत राहिली. तांजोंग पगारला एका सॉफ्टवेअर कंपनीत ती मॅनेजर होती. हाताखालची पोरं तिला टरकून असत. नाकावर माशी बसू देणार नाही, पण रात्री झोपताना आईचे दुखरे गुडघे न सांगता चेपून देणार, अशी बाई. लग्नाचा विषय निघाला की म्हणायची, "मला नवरा नको आहे वहिनी, मला संध्याकाळी शांतता हवी आहे." हे ती पस्तिशीपासून म्हणत होती आणि आता चव्वेचाळीसची झाली होती, त्यामुळे आम्ही विषय काढणंच सोडून दिलं होतं.

तर अशी ही आत्या एका शनिवारी वालाचं बिरडं भातावर ओढता ओढता म्हणाली, "वहिनी, मी लग्न करावं म्हणतेय."

आईच्या हातातला डाव आमटीत पडला. मी म्हटलं, "सीरियस लाह?" आणि आत्याने "तुझं ते सिंगापुरी लाह बंद कर आधी," म्हणून मला गप्प केलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्याचं नाव प्रसित. थाई. आत्याच्याच ऑफिसच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एका व्यापारी कंपनीत कामाला. बायको बऱ्याच वर्षांपूर्वी आजारात गेलेली, मूलबाळ नाही. भेट झाली ती हॉकर सेंटरमध्ये. सिंगापुरात टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं की ते टेबल राखीव, हे इथे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण आत्या तेव्हा नुकतीच आलेली. तिने पाकीट उचललं, त्यातला टिश्यू काढून टेबल पुसलं आणि ऐसपैस जेवायला बसली. हा गृहस्थ ताट घेऊन आला तेव्हा तिने त्यालाच सुनावलं की नावाची पाटी लावलेली नाही. तो हसून "माय पेन राय" म्हणाला आणि समोर बसला. "म्हणजे काय?" आईने विचारलं. "म्हणजे काही हरकत नाही, राहू दे, चालायचंच," आत्या म्हणाली, आणि चक्क लाजली. तिला लाजताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तीन वर्षं ते दोघं रोज एकत्र जेवत होते आणि आम्हाला पत्ता नव्हता.

अडचण एकच होती, पण ती डोंगराएवढी होती. प्रसित एकुलता एक. त्याची आई गावाकडे एकटी राहायची, सत्तरी ओलांडलेली, आणि तिला थाईशिवाय दुसरी भाषा येत नव्हती. ती पुढच्या महिन्यात मुलाकडे राहायला येणार होती, आणि त्याने आत्याला स्वच्छ सांगितलं होतं की आईच्या मनाविरुद्ध तो काही करणार नाही. पहिल्या लग्नात केलं होतं, ते तिने फार मनाला लावून घेतलं होतं. "म्हातारीने नाही म्हटलं की संपलं," आत्या म्हणाली आणि ताटातली शितं गोळा करत राहिली. आवाज नेहमीसारखाच होता, पण मान काही केल्या वर होईना. मला इतकी तिची माया आली, की मी तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं, "काळजी करू नकोस. मी तुम्हाला थाई शिकवते."

मला थाई येत होतं का? तर नव्हतं. पण थाई मालिका मी पडद्याखालच्या इंग्रजी अक्षरांसकट इतक्या पाहिल्या होत्या की कानात ती भाषा बसली होती, आणि उरलेलं प्रसितकाका रविवारी येऊन दुरुस्त करायचे. उंच, किंचित वाकलेले, हळू बोलणारे गृहस्थ. आल्या आल्या चपला जोडीने भिंतीला लावून ठेवायचे, त्यामुळे आईच्या मनात पहिल्याच दिवशी भरले. मग डायनिंग टेबलावर आमचा वर्ग. भेटल्यावर आणि निघताना हात जोडून 'सवत्दी खा'. आई म्हणाली, "अगं, हे तर आपलं स्वस्ति!" आणि काकांनी खरंच मान डोलावली. आभाराला 'खोप खुन खा'. यावर आईचा आक्षेप, की चांगलं बोलताना मध्ये खून कशाला? माफीला 'खोथोत खा', आणि त्यातला थोत म्हणजे आपला दोषच, हे कळल्यावर आईने थाई लोकांना पूर्णपणे आपलं म्हटलं. बायकांनी वाक्याच्या शेवटी 'खा' लावायचं म्हणजे बोलणं मऊ होतं. तीही सोय आईला फार आवडली. "बघ विजू, काय लोक आहेत! प्रत्येक वाक्याला खा म्हणतात. माझ्यासारखेच." छान लागलं तर 'आरोय', पोट भरलं तर 'इम लेव'. आणि रस्त्यात कुणीही भेटलं तरी विचारायचं, 'किन खाव रु यांग', भात खाल्लास का? "आमच्या अलिबागेत दुसरं काय विचारतात?" आई म्हणाली. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, लिफ्टमध्ये, तिघींचं पाठांतर चालू. बाबांचा फोन आला तर आई ओरडायची, "सवत्दी खा!" आणि पलीकडून घरघरीतून बाबा ओरडायचे, "कोण? राँग नंबर!"

आत्याचं मात्र जुळेना. शब्द बरोबर यायचे, पण खोप खुन खा म्हणताना असं वाटायचं, ही आता कुणाची तरी नोकरी घालवणार. मी तिला मऊ म्हणायला शिकवायचे. "आत्या, शेवट सोडून दे, ओढू नकोस." "सोडलाय की!" "हे सोडलं नाहीस, फेकलंस." सतराव्या वर्षी चव्वेचाळीस वर्षांच्या मॅनेजर बाईला असं टोकायला मिळणं यासारखं सुख नाही. पण ती ऐकायची. एके दिवशी मी बाथरूमच्या बाहेर उभी होते आणि आत नळाच्या आवाजाआड आत्या एकटीच म्हणत होती, खोप खुन खा, खोप खुन खा, पुन्हा पुन्हा, आणि प्रत्येक वेळी थोडं थोडं मऊ. मी पाऊल न वाजवता निघून आले.

प्रसितकाकांची आई जेवायला आली त्या दिवशी आईने सकाळपासून स्वयंपाकघर डोक्यावर घेतलं होतं. तिखट बेताचं घातलेला कोळंबीभात, वालाचं बिरडं, सोलकढी, ओल्या नारळाच्या करंज्या. नारळ त्यांच्याकडेही भरपूर, म्हणजे चुकायचं नाही, असा हिशेब. म्हातारी आली. ठेंगणी, ताठ, जांभळं रेशमी लुंगीसारखं नेसलेली, पांढरा ब्लाउज, दाट पांढरे केस मागे घट्ट बांधलेले. आम्ही तिघींनी ओळीने हात जोडून सवत्दी खा म्हटलं आणि तिचे डोळे एकदम मोठे झाले. आत्याचा खा इतका मऊ आला, की मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. आम्ही तिला खुन मॅ म्हणायचं ठरलं होतं, म्हणजे आईसाहेब. खुन मॅ हसल्या. सोलकढी तोंडाला लावून "आरोय" म्हणाल्या, आणि आईला जग जिंकल्याचा आनंद झाला.

मग जेवणात थोडी झटापट झाली. खुन मॅ म्हणाल्या, "इम लेव खा." मी सांगितलं, "आई, पोट भरलंय त्यांचं." आई म्हणाली, "असं सगळेच म्हणतात," आणि आणखी एक डाव भात वाढला. त्यांच्यात वाढलेलं नाकारणं बरं दिसत नाही, आमच्यात मागे हटणं बरं दिसत नाही. बिचाऱ्या खात राहिल्या. शेवटी त्यांनी ताटात चार शितं मुद्दाम ठेवली, म्हणजे आता पुरे. आई त्या शितांकडे बघून माझ्या कानात कुजबुजली, "आवडलं नाही वाटतं." प्रसितकाका दोन्हीकडची समजूत घालून घामाघूम झाले. पण करंज्या आल्या आणि सगळं सुरळीत झालं. खुन मॅनी आत्याला शेजारी बसवून घेतलं, तिच्या हातातली बांगडी फिरवून बघितली, तिच्या पानात स्वतःच्या हाताने अर्धी करंजी ठेवली. आत्याने माझ्याकडे चोरून पाहिलं. तिच्या डोळ्यांत त्या क्षणी जे होतं ते पाहून मी ठरवून टाकलं, की निकाल कसाही लागो, आपण पास झालो.

निघायची वेळ झाली. प्रसितकाका टॅक्सी बघायला खाली गेले. आई आत गेली आणि तबक घेऊन आली. नारळ, तांदूळ, ब्लाउजपीस आणि चांदीचा करंडा. बाई पहिल्यांदा घरी आली की तिला हळदकुंकू लावून ओटी भरायची, यात विचारायचं काय? मलाही त्यात काही वाटलं नाही. आईने बोट कुंकवात बुडवलं, डावा हात सवयीने खुन मॅच्या डोक्यामागे धरला, म्हणजे डोकं हलायला नको, आणि कपाळावर ठसठशीत कुंकू टेकवलं.

खुन मॅ जागच्या जागी थिजल्या. चेहऱ्यावरचं हसू कुणीतरी ओल्या फडक्याने पुसावं तसं गेलं. एक पाऊल मागे सरकून त्यांनी कपाळाला हात लावला, बोटांवरचा लाल रंग पाहिला. मग त्यांनी हात जोडले, सवत्दी खा म्हणाल्या, तबकाकडे न बघता लिफ्टकडे वळल्या आणि गेल्या. नारळ आईच्या हातातच राहिला.

संध्याकाळी आत्याला प्रसितकाकांचा फोन आला. ती बाल्कनीत उभी राहून बोलली आणि आत आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. थाई माणसाच्या डोक्याला हात लावायचा नसतो. डोकं म्हणजे अंगातली सगळ्यात पवित्र जागा. तिथे भिक्षूने किंवा वडीलधाऱ्याने आशीर्वादासाठी हात लावावा, धाकट्याने मोठ्यांच्या डोक्याला कधीच नाही. आणि आई त्यांच्याहून वीस वर्षांनी तरी लहान. टॅक्सीत त्या चकार शब्द बोलल्या नव्हत्या. घरी गेल्यावर तोंड धुऊन म्हणाल्या, या लोकांनी मला लहान मूल समजून हाताळलं. तिकीट बदलून गुरुवारी परत जाते म्हणाल्या. "आणि प्रसितकाका काय म्हणाले?" मी विचारलं. "माय पेन राय म्हणाला," आत्या म्हणाली. "सारखा तेच म्हणत होता." एकदा त्यानेच तिला सांगितलं होतं, की आमच्याकडे दार बंद करतानाही हेच म्हणतात.

आता लोक मला विचारतात, तू एवढी थाई शिकवत होतीस, तर हे तुला ठाऊक नव्हतं? नव्हतं. मी जीभ शिकवायला बसले होते, डोकी सांभाळायला नव्हे. आणि मालिकांत कुणी कुणाला कुंकू लावत नाही.

त्या दिवशी आमच्या घरात पहिल्यांदाच नणंद-भावजयीचं कडाक्याचं भांडण झालं. आत्या कडाडली, "तुला कुणी सांगितलं होतं गं कुंकू लावायला? आणि तेही विधवा बाईला! पुण्यात असतं तर लावलं असतंस?" या वाक्यासरशी आईने मान वर केली. "पुण्यात असतं तर दोनदा लावलं असतं," ती म्हणाली. "विजू, माझी आई पस्तिशीत विधवा झाली. संक्रांतीचं हळदकुंकू असलं की शेजारच्या बायका तिला तिळगुळ करायला बोलवायच्या. लाडू हिने वळायचे, वाण हिने मांडायचं, आणि बायका यायला लागल्या की हिने स्वयंपाकघराच्या दाराआड उभं राहायचं. मी तिच्या पदराला धरून उभी असायचे. सगळ्या गेल्या की मग ती एकटी बसून जेवायची. मी तेव्हाच ठरवलं होतं, माझ्या घरातून कुठलीही बाई बिनकुंकवाची जाणार नाही. नवरा असो, नसो. मी तिला मोठा मान दिला गं. माझ्याकडे याहून मोठा मान नाही." आणि आई रडायला लागली. इतक्या वर्षांत हे तिने आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. आत्या आईजवळ जमिनीवर बसली आणि तिचे गुडघे चेपायला लागली.

बुधवारी आत्याने रजा टाकली. प्रसितकाका ऑफिसात होते, आणि ते मध्ये नकोत असंच आईचं मत पडलं. "ते मऊ करून सांगतील. मला जसं आहे तसं सांगायचंय," ती म्हणाली. आम्ही तिघी ईस्ट कोस्टच्या बाजूला त्यांच्या फ्लॅटवर गेलो. दाराशी खुन मॅ. आम्ही हात जोडले, त्यांनी आमच्याहून जास्त वाकून हात जोडले. आत बसवलं, थंड पाण्याचे ग्लास आणले, एकेक रुमालावर ठेवले. भिंतीशी त्यांची बॅग भरून ठेवलेली होती. शिष्टाचारात एक चूक काढून दाखवा म्हटलं असतं तर कुणाला सापडली नसती. इतकी सभ्यता म्हणजे दार बंदच. आत्या म्हणाली, "खोथोत खा." जन्मात पहिल्यांदा ती कुणाची माफी मागत होती, आणि तीही परक्या भाषेत. खुन मॅ म्हणाल्या, "माय पेन राय." आई म्हणाली, "खोथोत खा." पुन्हा "माय पेन राय." महिनाभर पाठ केलेलं सगळं थाई दोन मिनिटांत संपलं होतं.

आईने माझ्या दंडाला हात लावला. "सांग त्यांना. माझ्या आईचं सांग."

"आई, मला एवढं येत नाही गं. मला फक्त जेवलात का आणि किती छान लागलं एवढंच येतं."

"मग जेवढं येतं तेवढ्यात सांग," आई म्हणाली.

आजपर्यंत मी बऱ्याच लोकांसमोर बरंच बोलले आहे आणि मला बोलायची भीती अशी वाटत नाही, पण तेव्हा वाटली. मी आईकडे बोट केलं. "मॅ." मग आईच्याही मागे, लांब कुठेतरी. "मॅ खोंग मॅ." आईची आई. नवऱ्याला थाईत सामी म्हणतात, आपला स्वामीच. मेला याचा सभ्य शब्द मला ठाऊक नव्हता, मालिकेतला रोखठोक शब्द ठाऊक होता, तोच वापरला. "सामी ताय." खुन मॅच्या भुवया हलल्या. मी उठून त्यांच्या स्वयंपाकघराच्या दाराआड जाऊन उभी राहिले. आईने बाहेर हवेत एका बाईला कुंकू लावलं, दुसरीला लावलं, तिसरीला लावलं. हसली, लाडू वाटले. मग माझ्याकडे बोट केलं आणि हात हलवला. हिला नाही. मी दाराआडूनच म्हणाले, "किन खाव खोन दियाव." हॉटेलात एकटं गेलं की वेटरला सांगतात तो शब्द, खोन दियाव. एकटी. भात खाल्ला, एकटीने. मग आईने छातीवर हात ठेवला, स्वतःच्या कपाळाला बोट लावलं, खुन मॅकडे दाखवलं, आणि मान जोरजोरात हलवून मराठीतच म्हणाली, "तुम्ही नाही दाराआड. माझ्या घरात कुणीच नाही."

मला वाटलं, झालं, आणखी काहीतरी अपमान केला आपण. मग खुन मॅ बोलायला लागल्या. भरभर, लांबलचक, हात हलवत. आम्हाला एक अक्षर कळत नव्हतं, पण मध्ये मध्ये तेच दोन शब्द येत होते. सामी. खोन दियाव. आणि मग पुन्हा खोन दियाव. त्यांनी एका हाताने हवेत एक ताट मांडलं, एकच ताट, आणि समोरच्या रिकाम्या जागेकडे बघितलं. आत्याने ओठ घट्ट मिटून घेतले होते.

मग खुन मॅ आईसमोर येऊन बसल्या. आईला वाटलं त्या कपाळ पुढे करतायत, पण त्यांनी मान ठामपणे हलवली. कपाळ नाही. सत्तर वर्षांची सवय एका सकाळी मोडत नाही, आणि मोडायचं कारणही नव्हतं. त्यांनी ब्लाउजची बाही वर सारली आणि मनगट पुढे केलं. त्यांच्याकडे आशीर्वादाचा पांढरा दोरा मनगटाला बांधतात, हे आम्हाला पुढे कळलं. आईने पर्समधली रोजची कुंकवाची डबी काढली आणि त्या सुरकुतलेल्या मनगटावर बोट टेकवलं. खुन मॅनी ते नीट निरखून पाहिलं, फुंकर मारली, आणि बाही पुन्हा खाली न ओढता तशीच वर ठेवली.

आणि आईला विचारलं, "वान नाय दी?"

मला ते वाक्य कुणी शिकवलेलं नव्हतं. वान म्हणजे दिवस, हे मालिकांतून माहीत होतं. नाय म्हणजे कुठला. दी म्हणजे चांगला. मी मनात तीन तुकडे जोडले, पुन्हा जोडून पाहिले, चुकत तर नाही ना म्हणून.

"काय गं? काय म्हणाल्या?" आई घाबरीघुबरी.

"चांगला दिवस कुठला, विचारतायत. मुहूर्त विचारतायत आई. लग्नाचा."

पंचांगाशिवाय कधी मिक्सरही विकत न घेणाऱ्या माझ्या आईला त्या क्षणी एक वार सुचेना. खुन मॅनी मान वळवून आत्याकडे पाहिलं आणि तिलाच विचारलं.

"शनिवार," आत्या म्हणाली. मराठीतच. "शनिवारी ऑफिस नसतं." आणि तिने ओढणीत तोंड खुपसलं आणि ती हमसाहमशी रडायला लागली. हाताखालच्या पोरांना चळाचळा कापायला लावणारी आमची विजूआत्या, परक्या घराच्या सोफ्यावर लहान मुलीसारखी रडत होती.

खुन मॅ भांबावल्या. त्यांना वाटलं, शनिवार म्हणजे नकार. त्यांनी कुंकू लावलेल्या हाताने माझा हात पकडला आणि डोळ्यांनी विचारलं, काय झालं, चांगला दिवसच नाही का?

"दी खा," मी म्हटलं. "दी माक माक खा." चांगला आहे. खूप खूप चांगला.